पंगतीतले आणि पंगतीबाहेरचे : ‘नॅशनल रिव्ह्यू’ची सत्तर वर्षे

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की रोपटे आणि वटवृक्ष न बोलावता पानावर येतात. ‘नॅशनल रिव्ह्यू’च्या बाबतीत ही उपमा पहिल्याच ओळीत अडते. न्यूयॉर्कहून निघणाऱ्या या नियतकालिकाने सत्तर वर्षांतली बहुतेक वर्षे तोट्यात काढली. खप भरात असतानाही तो दोन-अडीच लाखांच्या आसपास राहिला. एखाद्या मोठ्या मराठी दैनिकाला याहून कितीतरी जास्त वाचक असतात. तरीही अमेरिकेतल्या उजव्या विचाराचा इतिहास लिहिताना या कचेरीला वळसा घालता येत नाही. आपल्या बाजूच्या पंगतीला कोणी बसायचे आणि कोणाला उठवायचे, हे साठ वर्षे बऱ्याच अंशी इथे ठरत होते. ती सत्ता कशी आली, कशी वापरली गेली आणि एका निवडणुकीत कशी हातातून गेली, हाच या संस्थेचा इतिहास आहे.

स्थापना

पहिल्या अंकावर तारीख आहे १९ नोव्हेंबर १९५५. संपादक विल्यम एफ. बकली (धाकटे) यांना तिशी गाठायला पाच दिवस बाकी होते.

त्या वेळी अध्यक्ष आयझेनहॉवर रिपब्लिकन होते, पण रूझवेल्ट यांनी उभारलेली सरकारी कल्याण योजनांची इमारत त्यांनी तशीच ठेवली होती. अमेरिकेत बौद्धिक परंपरा म्हणावी अशी एकच आहे आणि ती उदारमतवादी आहे, असे लायनेल ट्रिलिंग यांच्यासारखा मोठा समीक्षक १९५० मध्ये लिहून गेला होता. उजव्या बाजूला माणसे होती, पैसेवालेही होते. त्यांना एकमेकांची ओळख करून देणारी जागा मात्र नव्हती.

बकली तेलाच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या कॅथलिक कुटुंबातले, दहा भावंडांतले सहावे. येल विद्यापीठातून बाहेर पडताच त्यांनी १९५१ मध्ये ‘गॉड अँड मॅन अ‍ॅट येल’ हे पुस्तक लिहिले. आपले प्राध्यापक देवधर्म आणि मुक्त बाजारपेठ या दोन्हींच्या मुळावर उठले आहेत, असा त्यात थेट आरोप होता. पुस्तक गाजले आणि लेखक त्याहून जास्त. मध्ये काही महिने त्यांनी मेक्सिकोत सीआयएची नोकरीही केली.

मासिकाची कल्पना विली श्लाम यांची. मूळचे ऑस्ट्रियाचे, तरुणपणी कम्युनिस्ट आणि पुढे हेन्री ल्यूस यांच्या ‘टाइम-लाइफ’मध्ये संपादक असलेले श्लाम यांनी ‘फ्रीमन’ हे उजवे नियतकालिक संपादकांच्या भांडणात मोडताना पाहिले होते. म्हणून त्यांनी बकलींना सल्ला दिला, की मताधिकार असलेले सगळे समभाग एकट्याच्या नावावर ठेवा. बकलींनी तो पाळला. दोन वर्षांत श्लाम यांचेच इतरांशी वाजले आणि बाहेरची वाट त्यांना धरावी लागली ती याच व्यवस्थेमुळे.

वडिलांनी एक लाख डॉलर दिले. मार्क्स बंधूंच्या विनोदी चित्रपटांचे लेखक मॉरी रिस्किंड यांनी हॉलीवूडमध्ये देणगीदार गाठून दिले. दक्षिणेतले कापडगिरणीवाले रॉजर मिलिकन पुढे खंबीर आधार झाले. नाव ठरले होते ‘नॅशनल वीकली’. त्यावर आधीच कोणाचा तरी हक्क निघाला, म्हणून ‘नॅशनल रिव्ह्यू’. इतिहासाच्या वाटेत आडवे उभे राहून ‘थांबा’ म्हणून ओरडणे हे आपले काम, असे पहिल्या अंकाने जाहीर केले. १९५८ पर्यंत साप्ताहिकाचा खर्च झेपेना, तेव्हा ते पाक्षिक झाले.

कचेरीतली माणसे

१५० ईस्ट ३५व्या रस्त्यावरच्या कचेरीत जमलेली मंडळी पाहिली तर एक गंमत लक्षात येते. कम्युनिझमच्या कट्टर विरोधकांच्या या घराचे खांब एकेकाळच्या कम्युनिस्टांचे होते.

जेम्स बर्नहॅम हे ट्रॉट्स्कीच्या गोटातले तत्त्वज्ञ. १९४१ मध्ये ‘द मॅनेजेरियल रिव्होल्यूशन’ लिहून ते जगभर माहीत झाले होते. मार्च १९५१ मध्ये मुंबईत सांस्कृतिक स्वातंत्र्याची परिषद भरली, तिच्या परदेशी पाहुण्यांत ते होते. यजमानांत मिनू मसानी होते. परराष्ट्र धोरणावरचे बर्नहॅम यांचे सदर शीतयुद्धाला तिसरे महायुद्धच म्हणत असे. माणूस मात्र शांत, कोणाचाही आवाज चढला तरी आपला न चढवणारा. बकली दौऱ्यावर असले की संपादकीय पाने बर्नहॅम सांभाळत.

व्हिटेकर चेंबर्स हे सोव्हिएत हेरजाळ्यातून बाहेर पडलेले. १९४८ मध्ये अल्जर हिस या बड्या अधिकाऱ्याविरुद्ध साक्ष देऊन त्यांनी देश हादरवला होता. मेरीलँडमधल्या शेतावर राहून ते अधूनमधून लिहीत. मोजकेच लिहीत, पण लिहिले की ते लोकांच्या लक्षात राही.

तिसरे फ्रँक मेयर. ते कचेरीत बसत नसत. न्यूयॉर्कपासून दूर, वूडस्टॉकच्या डोंगरातल्या त्यांच्या घरात पुस्तकांचे ढीग होते. मेयर दिवसा झोपत आणि संध्याकाळी उठत. ग्रंथपरीक्षणाचे पान त्यांच्याकडे, त्यामुळे रात्र पडली की फोन सुरू. पुस्तक कोणाला द्यायचे, किती शब्द, कधीपर्यंत, आणि मग स्वातंत्र्य मोठे की सदाचार यावर तासभर वाद. देशाच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या तरुण प्राध्यापकाचा फोन मध्यरात्रीनंतर वाजला, तर पलीकडे मेयर आहेत हे त्याला उचलण्याआधीच कळत असे. पुढे नावारूपाला आलेले कितीतरी जण अशा फोनवर लिहिते झाले. जोन डिडियन, गॅरी विल्स, जॉन लेनर्ड हे तरुणपणी या पानांत लिहून गेले आणि नंतर यांतले बहुतेक दुसऱ्या तीरावर पोहोचले. लिहिणाऱ्याला वाक्य लिहिता येते का, हे इथे आधी पाहिले जाई.

या तापट पुरुषांच्या मेळ्यात पान वेळेवर छापखान्यात जाई ते प्रिसिला बकली यांच्यामुळे. संपादकांची ही थोरली बहीण युनायटेड प्रेसच्या पॅरिस कचेरीत काम करून आली होती. १९५९ ते १९८५ त्या व्यवस्थापकीय संपादक होत्या. प्रकाशक विल्यम रशर हे वकील आणि पक्षबांधणीत मुरलेले. १९५७ पासून १९८८ पर्यंत हिशेब त्यांनी पाहिला.

तो हिशेब क्वचितच जुळला. बकलींच्या भाषणांचे मानधन, १९६२ पासून वर्तमानपत्रांतून येणाऱ्या त्यांच्या सदराचा पैसा, वर्षाकाठी वाचकांना जाणारे मदतीचे पत्र, आणि १९९० च्या दशकापासून वाचक-संपादकांच्या एकत्र जहाज-सहली, असा हा प्रपंच चालत आला. वर्गणी रद्द करा म्हणून तणतणणाऱ्या एका वाचकाला बकलींनी सुचवले, की एवढे काम आपले आपणच करावे. त्यांच्या उत्तरातले ते वाक्य पुढे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच झाले.

तीनपदरी गोफ

उजव्या बाजूला तेव्हा तीन प्रकारचे लोक होते आणि तिघांचे आपसांत पटत नव्हते. पहिल्यांना सरकार लहान आणि बाजार मोकळा हवा होता. दुसऱ्यांना धर्म, कुटुंब, परंपरा टिकायला हवी होती. १९५३ मध्ये ‘द कॉन्झर्व्हेटिव्ह माइंड’ लिहिणारे रसेल कर्क हे त्यांचे आचार्य. तिसऱ्यांना फक्त मॉस्को दिसत होते.

मेयर यांनी या तिन्हींचा गोफ विणला. सदाचार हवाच, पण जबरदस्तीने अंगी बाणलेला सदाचार खरा नव्हे, म्हणून स्वातंत्र्य आधी; आणि या दोन्हींना गिळू पाहणारा शत्रू एकच. कर्क यांना हे कधीच मनापासून पटले नाही. मेयर यांच्याशी खटका उडालेला असल्याने त्यांनी आपले नाव संपादकांच्या यादीत येऊ दिले नाही. सदर मात्र वर्षानुवर्षे लिहिले. बर्नहॅम यांना तत्त्वचर्चेपेक्षा सत्तेचे गणित प्रिय. १९५६ मध्ये हंगेरीचा उठाव सोव्हिएत रणगाड्यांखाली चिरडला गेला आणि अमेरिका जागची हलली नाही, तेव्हा दोन्ही बाजूंनी मध्य युरोपातून सैन्य मागे घ्यावे अशी कल्पना त्यांनी मांडली. सहकारी खवळले. गोफ विणला जात होता तो असा, ओढाताणीत.

वाळीत टाकलेले

डिसेंबर १९५७ मध्ये चेंबर्स यांनी आयन रँड यांच्या ‘अ‍ॅटलास श्रग्ड’ या कादंबरीचे परीक्षण लिहिले. भांडवलशाहीची एवढी मोठी भाट उजव्यांच्याच मासिकात आपल्या कादंबरीच्या पानापानावर हुकूमशहाचा सूर ऐकू येतो असे वाचेल, हे रँडबाईंना सहन होणारे नव्हते. त्या नास्तिक होत्या आणि स्वार्थाला सद्गुण मानत. चेंबर्सना त्यात मार्क्सचाच जडवाद उलटा टांगलेला दिसला. बकली येणार असतील त्या समारंभाला बाई पुढे जात नसत.

रँड यांना नाकारणे सोपे होते. खरी परीक्षा जॉन बर्च सोसायटीने घेतली. मिठाईचा कारखाना चालवून निवृत्त झालेले रॉबर्ट वेल्च यांनी १९५८ मध्ये ती स्थापली. आयझेनहॉवर हे जाणूनबुजून कम्युनिस्ट कटाचे काम करतात, असे त्यांचे म्हणणे. सोसायटीची माणसे हजारोंनी होती, पैसा होता आणि त्यांतले पुष्कळ ‘नॅशनल रिव्ह्यू’चे वर्गणीदारच होते.

जानेवारी १९६२ मध्ये फ्लॉरिडातल्या पाम बीचच्या ब्रेकर्स हॉटेलात सिनेटर बॅरी गोल्डवॉटर, कर्क, बकली आणि आणखी एक-दोघे बसले. आयझेनहॉवर कम्युनिस्ट नाहीत, गोल्फवाले आहेत, असा कर्क यांचा शेरा त्याच काळातला. काम वाटून घेतले गेले आणि फेब्रुवारीच्या अंकात बकलींनी वेल्च यांच्यावर लांबलचक संपादकीय लिहिले. त्यात एक सावधपणा होता: नेता चुकीचा, सभासद मात्र आपले. तरी संतापाची पत्रे आली, वर्गणीदार गेले, देणगीदार रुसले. १९६५ च्या ऑक्टोबरात विशेष विभाग काढून अख्ख्या सोसायटीशीच काडीमोड घेतला गेला.

हा प्रसंग संस्थेच्या मानाचा म्हणून दर वर्धापनदिनी सांगितला जातो, आणि त्यात खोटे काही नाही. पण पंगतीच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते, तेही याच दप्तरात आहे.

१९५७चे पान

२४ ऑगस्ट १९५७ च्या अंकात दक्षिणेतल्या मतदानाच्या प्रश्नावर संपादकीय आले. गोरे लोक जिथे संख्येने कमी आहेत, तिथेही राजकीय वर्चस्व राखण्याचा त्यांना हक्क आहे, कारण तूर्त तोच समाज पुढारलेला आहे, असे ते सांगत होते. लिहिणारे बकली.

दोनच आठवड्यांनी त्याच पानांत विरोध छापून आला, तोही घरातून. ब्रेंट बोझेल हे बकलींचे येलमधले मित्र, वादसभेतले जोडीदार आणि बहिणीचे नवरे. मतदानात वंशभेद नाकारणारी राज्यघटनेची पंधरावी दुरुस्ती पुस्तकात असताना कायदा मोडायची शिकवण देणे चूक आहे आणि याने आपल्याच विचाराचे नुकसान होईल, असे त्यांनी बजावले. संपादकांनी ते छापले, उत्तरही दिले, आणि भूमिका तीच ठेवली. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ चा मतदान हक्कांचा कायदा, दोन्हींना मासिकाने विरोध केला.

फेब्रुवारी १९६५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या वादसभेत बकलींसमोर काळे लेखक जेम्स बाल्डविन उभे राहिले. अमेरिकेचे वैभव काळ्या माणसाच्या जिवावर उभे आहे का, हा विषय. बाल्डविन यांच्या बाजूने ५४४ मते पडली, बकलींच्या बाजूने १६४. वादात सहसा न हरणारे बकली त्या रात्रीविषयी पुढे अनेक वर्षे बोलत राहिले. २००४ मध्ये ‘टाइम’च्या मुलाखतीत त्यांनी कबूल केले, की वांशिक भेद हळूहळू आपोआप मिटेल हा आपला समज चुकीचा होता आणि केंद्र सरकारने हात घालणे आवश्यकच होते. वेल्च यांना उठवायला मासिकाला चार वर्षे लागली होती. या कबुलीला ४७ लागली.

कचेरीबाहेर

सप्टेंबर १९६० मध्ये कनेटिकटमधल्या शॅरन गावी, बकलींच्या वडिलोपार्जित घराच्या हिरवळीवर शंभरेक तरुण जमले आणि ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’ ही संघटना उभी राहिली. त्याच वर्षी गोल्डवॉटर यांच्या नावावर निघालेले ‘द कॉन्शन्स ऑफ अ कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे पुस्तक बोझेल यांनी लिहून दिले होते. रशर हे गोल्डवॉटर यांना अध्यक्षपदासाठी उभे करू पाहणाऱ्या पहिल्या गुप्त बैठकांतले एक.

उमेदवारी मिळाली, पण मोहिमेच्या आतल्या वर्तुळाने बकली आणि बोझेल यांनाच दूर ठेवले. १९६४ च्या नोव्हेंबरात गोल्डवॉटर यांच्या वाट्याला सहा राज्ये आली: आपले ॲरिझोना आणि खोल दक्षिणेतली पाच. पराभव एवढा मोठा, की उजवा विचार संपला असे अग्रलेख निघाले. ‘नॅशनल रिव्ह्यू’चा खप त्या वर्षी नव्वद हजारांच्या घरात गेला होता.

पुढच्याच वर्षी बकली न्यूयॉर्कच्या महापौरपदाला उभे राहिले. निवडून आलात तर पहिले काय कराल, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते, की फेरमोजणी मागेन. मते पडली १३ टक्क्यांवर थोडी. ती बहुतेक ब्रुकलिन, क्वीन्सकडच्या पोलीस, कामगार, कॅथलिक वस्त्यांतली. पंधरा वर्षांनी रेगन यांना विजयी करणारा मतदार इथे पहिल्यांदा ओळखू आला.

१९६६ मध्ये ‘फायरिंग लाइन’ हा दूरचित्रवाणीवरचा वादाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९९९ पर्यंत चालला. भाग दीड हजारांवर भरले. खुर्चीत रेललेले बकली, तोंडाजवळ पेन्सिल, अवघड इंग्रजी शब्दांची पेरणी आणि समोर बहुधा विरोधकच. डावीकडचे अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ, जे १९६१ ते १९६३ भारतात अमेरिकेचे राजदूत होते, ते वर्षभर बकलींवर टीका करत आणि हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये त्यांच्याबरोबर बर्फावर घसरायला जात.

सत्तेच्या शेजारी

निक्सन यांच्याशी संबंध लवकर आंबला. चीनशी हातमिळवणी होणार हे दिसताच जुलै १९७१ मध्ये बकली, बर्नहॅम, रशर, मेयर यांच्यासह बारा जणांनी पाठिंबा स्थगित केल्याचे जाहीर केले. फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन यांच्या विमानामागून बीजिंगला गेलेल्या पत्रकारांत मात्र बकली होते.

पनामा कालवा परत द्यावा का, हा प्रश्न १९७८ मध्ये आला. बकली आणि बर्नहॅम म्हणाले, द्यावा. रॉनल्ड रेगन म्हणाले, देऊ नये. ‘फायरिंग लाइन’वर दोघे मित्र समोरासमोर आले. करार मंजूर झाला, पण त्या विरोधातूनच रेगन यांचा १९८० चा प्रचार उभा राहिला. धोरणात मासिक जिंकले आणि राजकारणात त्याचा वाचक.

रेगन हे खरोखरीचे जुने वाचक. डिसेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात तिसाव्या वर्षाचे भोजन झाले. आपला पहिला अंक साध्या तपकिरी वेष्टनात गुपचूप हाती आला होता, असे राष्ट्राध्यक्षांनी सांगताच सभागृह हसले. त्याआधी १९८३ मध्ये बर्नहॅम यांना, आणि १९८४ मध्ये चेंबर्स यांना मरणोत्तर, त्यांनी राष्ट्राचे सर्वोच्च नागरी पदक दिले होते. मेयर हे पाहायला नव्हते. ते १९७२ मध्येच गेले.

याच काळात पुढची पिढी विद्यापीठांतून येत होती. डार्टमथ महाविद्यालयातले इंग्रजीचे प्राध्यापक जेफ्री हार्ट हे मासिकाचे ज्येष्ठ संपादक. त्यांच्या दिवाणखान्यात १९८० मध्ये ‘डार्टमथ रिव्ह्यू’ हे विद्यार्थ्यांचे भांडखोर पत्र जन्मले. त्याचे एक संपादक होते दिनेश डिसूझा, गोव्याच्या कॅथलिक घराण्यातले, मुंबईत जन्मलेले आणि वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेत शिकलेले. विद्यापीठांतल्या ‘राजकीय शुचिते’विरुद्धची पुढच्या दशकातली लढाई ज्यांनी गाजवली, त्यांत ते आघाडीवर होते.

शत्रू गेल्यावर

सोव्हिएत संघ १९९१ च्या डिसेंबरात विसर्जित झाला आणि गोफातला घट्ट धरून ठेवणारा पदर निसटला. त्याच महिन्यात बकलींनी जवळजवळ अख्खा अंक एका निबंधाला दिला. विषय: आपल्याच बाजूचा ज्यूद्वेष. स्तंभलेखक पॅट ब्युकॅनन आणि मासिकाचे ज्येष्ठ संपादक जोसेफ सोब्रन यांच्या लेखनाची त्यात तपासणी होती. सोब्रन यांना १९९३ मध्ये जावे लागले. ब्युकॅनन मात्र निवडणुकीच्या मैदानात होते आणि परदेशी युद्धे नकोत, स्वस्त आयात नको, स्थलांतरित नकोत, ही त्यांची त्रिसूत्री लोकांना आवडत होती. यांतल्या तिसऱ्या मुद्द्याला मासिकानेही १९९२ मध्ये पीटर ब्रिमलो यांचा भलामोठा लेख छापून वाट करून दिली होती.

संपादकपद १९८८ मध्ये इंग्लंडचे जॉन ओ’सलिव्हन यांच्याकडे आणि १९९७ मध्ये रिच लोरी यांच्याकडे गेले. अमली पदार्थांविरुद्धचे सरकारी युद्ध हरले आहे, असे १९९६ च्या फेब्रुवारीत मुखपृष्ठावर छापून मासिकाने आपल्याच वाचकांना कोड्यात टाकले.

इराकवर मात्र कोडे नव्हते. मासिक युद्धाच्या बाजूने उभे राहिले. एप्रिल २००३ मध्ये डेव्हिड फ्रम यांनी युद्धाला विरोध करणाऱ्या उजव्यांना मुखपृष्ठावरून देशनिष्ठाहीन ठरवले. ब्युकॅनन आणि त्यांचे साथी त्याआधीच २००२ मध्ये ‘द अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे वेगळे मासिक काढून बसले होते. त्यांना पंगतीतून उठवून उपयोग नव्हता, त्यांनी स्वतःची मांडली होती. आणि २००६ च्या फेब्रुवारीत खुद्द बकलींनी लिहिले, की इराकमधले अमेरिकेचे उद्दिष्ट फसले आहे.

बकलींनी २००४ मध्ये आपल्याकडचे समभाग विश्वस्तांकडे सोपवले होते. २७ फेब्रुवारी २००८ रोजी स्टॅमफर्डच्या घरी, अभ्यासिकेत लिहिण्याच्या टेबलापाशी त्यांचे निधन झाले. वय ८२.

बावीस जणांचा अंक

जानेवारी २०१६ मध्ये ‘ट्रम्पविरुद्ध’ असे मुखपृष्ठ घेऊन विशेषांक आला. बावीस जणांनी लिहिले: अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल, रेगन यांचे ॲटर्नी जनरल एडविन मीस, ‘वीकली स्टँडर्ड’चे विल्यम क्रिस्टल, रेडिओवरचे ग्लेन बेक. संपादकीयाचा मुद्दा असा, की या उमेदवाराला विचारसरणी नाही, संधी दिसेल तिकडे तो वळतो, आणि त्याच्या हाती पक्ष गेला तर पिढ्यांचे काम मोडेल. वेल्च यांना ज्याने वाळीत टाकले तेच हत्यार पुन्हा उपसले होते. बकलींनीही सन २००० मध्ये ट्रम्प यांच्या आत्मप्रेमावर बोचरे लिहून ठेवले होते.

अंक बाहेर पडला त्याच रात्री रिपब्लिकन पक्षाने मासिकाला उमेदवारांच्या एका वादसभेच्या सहआयोजनातून काढून टाकले. ट्रम्प यांनी हे मरणपंथाला लागलेले मासिक असल्याची खिल्ली उडवली. जुलैत ते पक्षाचे उमेदवार होते आणि नोव्हेंबरात निर्वाचित अध्यक्ष.

१९६२ मध्ये वेल्च यांच्याकडे संघटना होती, पण त्यांचा आवाज घरोघरी पोहोचवणारे माध्यम नव्हते. ‘नॅशनल रिव्ह्यू’ने तोंड फिरवले की दार बंद होत होते. २०१६ पर्यंत रेडिओचे सूत्रधार, केबल वाहिन्या आणि खुद्द उमेदवाराच्या हातातला फोन, अशी शंभर दारे उघडली होती. आणि आत आलेला कार्यक्रम नवा नव्हता. आयातीवर कर, सीमेवर भिंत, परदेशी युद्धांना नकार. ब्युकॅनन यांची १९९२ ची यादी जशीच्या तशी होती.

त्यानंतर संपादकांनी मधली वाट धरली. ट्रम्प यांनी केलेल्या न्यायाधीशांच्या नेमणुकांचे स्वागत केले. गर्भपाताचा घटनात्मक हक्क सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये रद्द केला, तो तर पन्नास वर्षांच्या मागणीचा विजय होता. पण २०२० ची निवडणूक चोरली गेली हा दावा त्यांनी फेटाळला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा उमेदवारी जाहीर केली तेव्हा संपादकीयाचा मथळा एका शब्दाचा होता: ‘नको’.

दोन्हीकडून माणसे गळाली. ट्रम्प यांच्याविषयी मासिक फार मवाळ झाले असे ज्यांना वाटले, त्यांतले जोना गोल्डबर्ग आणि डेव्हिड फ्रेंच २०१९ मध्ये ‘द डिस्पॅच’ या नव्या उपक्रमात गेले. दुसरीकडे त्याच वर्षी ‘फर्स्ट थिंग्ज’ या धार्मिक मासिकातून काही तरुण विचारवंतांनी जाहीर केले, की मेयर यांनी विणलेली जुनी सहमती मेली आहे. वॉशिंग्टनमध्ये ‘राष्ट्रीय पुराणमतवादा’ची पहिली मोठी परिषद भरली तीही २०१९ मध्येच. बाजार मोकळा सोडला तर कुटुंब आणि गाव उरत नाही, सरकार हाती असेल तर ते वापरावे, असा या मंडळींचा सूर. १९५५ मध्ये ज्याला शत्रू मानले त्याच सरकारी यंत्रणेवर त्यांची नजर आहे.

सद्यःस्थिती

मालकी २०१५ पासून ना-नफा संस्थेकडे आहे आणि पाक्षिक आता महिन्यातून एकदा निघते. मुख्य संपादक लोरी, तर छापील मासिकाचे संपादक रमेश पोन्नुरू. त्यांचे वडील भारतीय. ते स्वतः कॅन्सासमध्ये वाढले. युक्रेनला मदत द्यावी आणि आयातकर वाढवू नयेत, या मुद्द्यांवर संपादकांचे व्हाइट हाउसशी जमत नाही. तिथले उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स हे एकेकाळी याच मासिकात लिहीत.

ब्रेंट बोझेल १९६६ मध्ये ‘ट्रायम्फ’ हे कडवे कॅथलिक मासिक काढून बकलींपासून दूर गेले. त्यांचा त्याच नावाचा मुलगा ‘ट्रम्पविरुद्ध’ अंकाच्या बावीस लेखकांत होता. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्यालाच दक्षिण आफ्रिकेत राजदूत म्हणून नेमायचे ठरवले. त्या वर्षीच्या वसंतात ‘नॅशनल रिव्ह्यू’चे संपादक नव्या आयातकरांविरुद्ध लिहीत होते, आणि सत्तराव्या वर्षाची वर्गणी व देणगी मागत होते.